दिसणं आणि कळणं : वर्गातल्या ऑगमेंटेड रिॲलिटीची पूर्वपीठिका

गेल्या वर्षी तालुक्याच्या एका शाळेने मला पाहुणा म्हणून बोलावलं होतं. वर्गात नवे पाच टॅब आले होते. पुस्तकातल्या हृदयाच्या चित्रावर टॅब धरला की हृदय पानावरून वर उठायचं, धडधडायचं, बोटाने फिरवता यायचं. मुलं हरखली होती. खरं सांगायचं तर मीही हरखलो. तेवढ्यात एका मुलीने विचारलं, "बाई, उजवं अलिंद चित्रात डाव्या हाताला का दाखवलंय?" बाई म्हणाल्या, "आधी सगळ्यांचं बघून होऊ दे गं, टॅब पुढच्या वर्गात द्यायचेत." तास संपला, प्रश्न तसाच राहिला. दोष बाईंचा नव्हता. चाळीसएक मुलं, पाच टॅब आणि एक तास, हे गणितच तसं होतं.

आज मला बोलायचंय ते त्या राहून गेलेल्या प्रश्नाबद्दल. कारण तो फार जुना आहे.

आधी शब्द स्पष्ट करू. व्हर्च्युअल रिॲलिटीत डोळ्यांवर चष्मा चढवला की समोरचा वर्ग नाहीसा होतो. ऑगमेंटेड रिॲलिटीत, म्हणजे एआरमध्ये, वर्ग दिसतच राहतो. बाक, पुस्तक, शेजारणीचा हात सगळं जागेवर असतं आणि यंत्र त्यावर आणखी काहीतरी ठेवतं. हा फरक लक्षात ठेवा.

'शब्दाच्या आधी वस्तू दाखवा' हा विचार काही टॅबबरोबर आलेला नाही. १६५८ साली न्यूरेंबर्गमध्ये कोमेनियस या शिक्षणचिंतकाचं 'ऑर्बिस पिक्टस' हे सचित्र पुस्तक निघालं. त्यातल्या चित्रांच्या भागांना आकडे होते आणि तेच आकडे मजकुरातल्या लॅटिन व जर्मन शब्दांना होते. मूल आकडा पाहायचं, शब्द शोधायचं, पुन्हा चित्राकडे यायचं. आज पडद्यावरच्या हृदयावर तरंगणारी नावं म्हणजे त्या आकड्यांचीच पतवंडं. फरक एवढाच, की तिथे चित्र आणि शब्द यांच्यामधला पूल मुलाने स्वतः बांधायचा होता.

आपल्याकडे १८९२ साली कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी 'शांबरिक खरोलिका' सुरू केली. काचेवर हाताने रंगवलेली चित्रं, कंदिलांचा प्रकाश आणि पडद्यावर हलणारी पुराणकथा. ती शाळा नव्हती, करमणूक होती. पण तिथे चित्राबरोबर जिवंत निवेदन असायचं. बोलणारा माणूस समोरच्या श्रोत्यांकडे पाहून थांबू शकतो. चित्र आपण होऊन थांबत नाही.

आणि नेमकं हेच पुढच्या यंत्रांच्या उत्साहात विसरलं गेलं. १९१३ साली एडिसनने एका मुलाखतीत भाकीत केलं, की शाळेतली पुस्तकं लवकरच कालबाह्य होतील, सगळं शिक्षण चित्रपटातून होईल आणि दहा वर्षांत शाळा पार बदलून जाईल. दहा वर्षं गेली, शंभरही गेली. लॅरी क्यूबन या अमेरिकन शिक्षण-इतिहासकाराने १९८६ साली चित्रपट, रेडिओ, दूरदर्शन आणि संगणक यांचा वर्गातला प्रवास मांडला. प्रत्येक वेळी क्रम साधारण सारखाच दिसतो : आधी मोठी आश्वासनं, मग खरेदी, मग तुरळक वापर, आणि शेवटी शिक्षकांवर ठपका. पण शिक्षकांच्या अडचणी अगदी साध्या होत्या. यंत्र महाग, ते बिघडतं, हवी ती फिल्म हव्या त्या दिवशी मिळत नाही, आणि मिळाली तरी चालू पाठाशी जुळत नाही.

आपणही एक भव्य प्रयोग केला. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षभरात, 'साइट' प्रकल्पाखाली, अमेरिकेच्या एटीएस-६ उपग्रहावरून सहा राज्यांतल्या सुमारे २४०० खेड्यांत दूरदर्शनचे कार्यक्रम पोचवले गेले. सकाळी शाळेतल्या मुलांसाठी, संध्याकाळी मोठ्यांसाठी. तंत्रज्ञान म्हणून ती अचाट कामगिरी होती, यात शंका नाही. पण उपग्रहावरून येणारा पाठ मध्येच थांबवून 'सर, हे असं का?' असं विचारायची सोय नव्हती. विचारायचं ते गुरुजींना, कार्यक्रम संपल्यावर. म्हणजे पाठाचं यश शेवटी गुरुजींवरच येऊन ठेपत होतं.

आता एआरचा जन्म पाहा. १९६८ साली आयव्हन सदरलंडने डोक्यावर बसवायचा एक पडदा तयार केला. त्यातून खोली दिसायची आणि खोलीत रेषांचा एक घन तरंगताना दिसायचा. 'ऑगमेंटेड रिॲलिटी' हे नाव रूढ झालं ते १९९० च्या दशकात, बोइंगमधल्या टॉम कॉडेलमुळे. तिथला प्रश्न शाळेचा नव्हता, विमानातल्या तारा जोडण्याचा होता. कामगाराने नकाशात डोकं खुपसण्याऐवजी हातातल्या कामावर नजर ठेवावी आणि सूचना तिथेच दिसावी, ही कल्पना. म्हणजे हे तंत्र नजर वस्तूवरून हटू नये म्हणून जन्मलं! २००१ सालच्या 'मॅजिकबुक' या प्रयोगातही साधं छापील पुस्तक होतं. हातातल्या उपकरणातून पाहिलं की पानावर त्रिमित दृश्य उभं राहायचं, आणि उपकरण बाजूला ठेवलं तरी पुस्तक वाचता यायचं.

ही दुसरी गोष्ट फार महत्त्वाची. गूगलने २०१७ मध्ये आपल्या 'एक्सपीडिशन्स'मध्ये शाळांसाठी एआर आणलं आणि २०२१ मध्ये ते ॲपच बंद केलं. पाठ त्या ॲपवर उभा असेल तर ॲपबरोबर पाठही गेला.

तत्त्वज्ञानाचा माणूस आहे, म्हणून एक मुद्दा माझ्या घरचा. दोरीवर साप दिसतो तेव्हा तो भ्रम असतो, कारण साप नाही हे आपल्याला ठाऊक नसतं. पण आपल्या नव्य-नैयायिकांनी 'आहार्य ज्ञान' असा एक वेगळा प्रकार सांगितला आहे : वस्तू तशी नाही हे माहीत असूनही आपण मुद्दाम तशी कल्पून पाहतो. काठीचा घोडा करणाऱ्या पोराला घोडा आणि काठी दोन्ही कळत असतात. एआर हे असं आहार्य आहे. टेबलावर हृदय नाही हे मुलाला माहीत आहे, तरी ते पाहतंय. ही जाणीव जागी असेल तर एआर विचाराला चालना देतं. ती झोपली, तर उरते ती नुसती जत्रा.

म्हणून शाळेने विकणाऱ्याला 'हे काय काय दाखवतं?' असं विचारू नये. तीन वेगळे प्रश्न विचारावेत. ते थांबवणं शिक्षकाच्या हातात आहे का? खाली खरी वस्तू कोणती आहे? आणि टॅब परत गेल्यावर मुलांकडे काय उरणार आहे?

त्या मुलीकडे परत येतो. तिचं उत्तर पुस्तकातच होतं. चित्राचं पान समोरच्यांकडे करून पुस्तक तिने स्वतःच्या छातीवर धरायचं. आता चित्रातली डावी बाजू बरोबर तिच्या उजव्या अंगाला येते, कारण चित्र आपल्याकडे तोंड करून उभ्या असलेल्या माणसाचं आहे. आणि तेव्हाच मैत्रिणीने त्या पानावर टॅब धरला असता, तर हृदय तिच्याच छातीवर धडधडताना वर्गाने पाहिलं असतं. तिथे एआर खरोखर कामाला आलं असतं. त्यासाठी नवा टॅब लागत नव्हता. लागत होती दोन मिनिटं, आणि ती द्यायची मुभा बाईंना असायला हवी होती.

तेव्हा मी इथे थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.