आवाज येऊन राह्यला का?

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय. परवा यवतमाळला मामाकडे गेलो होतो. माळ्यावर त्याचे जुने आहुजाचे भोंगे अजून गोणपाटात बांधून ठेवलेले दिसले आणि हा विषय डोक्यात शिरला. घरच्या मंडळींना हे भोंगे ठाऊक आहेत (अर्ध्या जणांच्या लग्नात तेच वाजलेत!), पण ब्लॉगवरच्या मित्रांना सांगायला हवं, की माझा मामा चाळीसेक वर्षं 'लाउडस्पीकरवाला' होता.

साहित्य संमेलनाचा इतिहास म्हटलं की आपण अध्यक्षांची यादी काढून बसतो. १८७८ साली पुण्यात लोकहितवादी आणि न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने ग्रंथकारांचं पहिलं संमेलन भरलं, रानडे अध्यक्ष. १९२८ साली ग्वाल्हेरला अध्यक्ष होते आमच्या वणीचे लोकनायक बापूजी अणे. पण यांचा आवाज मागच्या रांगेपर्यंत कोण पोचवत होतं, हे कुठल्याच यादीत नसतं. १८७८ मध्ये तर लाउडस्पीकर नावाची वस्तूच नव्हती. गळा पोचेल तेवढी सभा.

पुढे १९३० च्या दशकात काँग्रेसच्या अधिवेशनांत लाउडस्पीकर दिसू लागले. ते पुरवायची मुंबईच्या मोटवाने कुटुंबाची 'शिकागो रेडिओ' ही कंपनी. गांधीजी-नेहरूंचे जुने फोटो नीट पाहा, माईकवर ते नाव दिसतं. फोटोत नेते आहेत, कंपनीची पाटी आहे. वायर ओढणारा मात्र चौकटीबाहेर.

आमच्या यवतमाळात १९७३ साली संमेलन झालं, अध्यक्ष ग. दि. माडगूळकर. मामा तेव्हा सोळा वर्षांचा, एका दुकानात नुकताच हाताखाली लागलेला. संमेलनाचं काम त्यांच्याकडे नव्हतं, पण उस्तादाबरोबर ऐकायला गेला. भाषणातलं आता काही आठवत नाही म्हणतो. भोंगे कुठे बांधले होते, ते आठवतं! उस्तादाची शिकवण एकच : "आवाज मंगच्या माणसाले गेला पाह्यजे. पुढच्याले त तसाही आयकू येते."

हे वाटतं तेवढं सोपं नाही बरं का. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. मंडप मोठा असेल तर पन्नास मीटरवर दुसरा स्पीकर लावावा लागतो. वायरीतून त्या स्पीकरला आवाज लगेच मिळतो, पण स्टेजकडचा आवाज हवेतून तिथे पोचायला जवळजवळ ०.१५ सेकंद लागतात. म्हणजे मागच्या माणसाला प्रत्येक शब्द दोनदा! म्हणून मागचा स्पीकर मुद्दाम तेवढा उशिरा वाजवतात. माईक स्पीकरच्या तोंडाशी आला की शिट्टी. अर्थिंग नीट नसेल तर भुणभुण. थेट प्रक्षेपण असेल तर त्यासाठी आवाजाचं वेगळं मिश्रण, कारण मंडपात कानाला बरं वाटतं ते मोबाईलवर कोरडं लागतं. टाळ्यांसाठी श्रोत्यांकडे तोंड केलेले वेगळे माईक. वीज गेली तर जनरेटर, नेट गेलं तर निदान रेकॉर्डिंग. हे सगळं बिनबोभाट पार पडलं, की कुणाच्या लक्षातही येत नाही.

आता मुद्द्याचं. मामाने एक गोष्ट मला खूप उशिरा सांगितली. ऐंशीच्या दशकात एका गावात सभा होती. पाहुण्यांचं झाल्यावर एक शेतकरी माईकशी आला आणि कापसाच्या भावाबद्दल बोलायला लागला. आयोजकाने मामाकडे पाहून हाताने खूण केली. मामाने बटण हळूहळू खाली घेतलं. एकदम नाही, कुणाला कळू नये म्हणून हळूहळू.

"त्याले समजलंच नाई, बाबू. तो बोलतच राह्यला."

पैसे त्याच आयोजकाकडून यायचे होते, हे मामाने सांगितलं नाही. मीच समजलो.

जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळला पुन्हा संमेलन आलं, ९२ वं. अध्यक्ष अरुणा ढेरे. उद्घाटनाला नयनतारा सहगल यायच्या होत्या. इंग्रजीत लिहिणारी लेखिका का, असा विरोध झाला आणि दिलेलं निमंत्रण मागे घेतलं गेलं. महामंडळाचे अध्यक्ष श्रीपाद जोशी यांनी राजीनामा दिला, अनेक लेखकांनी संमेलनाकडे पाठ फिरवली. सहगल यांचं लिहून तयार असलेलं भाषण मात्र बाहेर आलं, मराठीत आलं, मोबाईलवरून मोबाईलवर गेलं. त्याला ना स्टेज लागलं, ना भोंगा. आणि ११ जानेवारीला उद्घाटन केलं वैशाली येडे यांनी. आपल्याच जिल्ह्यातल्या, नवऱ्याने आत्महत्या केलेल्या एका शेतकरी बाईंनी.

मामाचे गुडघे गेलेले, म्हणून आम्ही घरीच मोबाईलवर थेट प्रक्षेपण लावलं होतं. मी तावातावाने बोलत होतो, की निमंत्रण मागे घेणं म्हणजे बटण खाली घेणंच, फक्त माणूस माईकशी यायच्या आधी. आणि एकीचा आवाज दाबून दुसरीला पुढे करायचं, हे काय? मामाने हाताने मला गप्प केलं. येडेताई बोलत होत्या. तो डोळे मिटून, मान थोडी कलती करून ऐकत होता, काम करताना ऐकायचा तसा. त्यांचं झाल्यावर म्हणाला, "आवाज बराबर देऊन राह्यला पोट्टा."

त्या गर्दीत, त्या वादात, मिक्सरवर बसलेल्या पोराची आठवण बहुधा एकट्या मामालाच झाली असेल.

माझा राग अजून गेलेला नाही, जायचं कारणही नाही. सहगल यांना बोलू न देणं चूकच होतं. पण तेव्हापासून इतकं कळलंय, की त्या दिवशी मामा संमेलन ऐकत नव्हता. कापसाच्या भावाबद्दल बोलणाऱ्या त्या माणसाचं राहिलेलं भाषण ऐकत होता.

असो. भोंगे विकायचे का, असं परवा मामीने विचारलं. मामा काही बोलला नाही. मी ते पुन्हा गोणपाटात बांधून माळ्यावर ठेवून आलोय.