विजेचा निरीक्षक

रस्त्याच्या कडेला असलेल्या रोहित्राच्या कुंपणावर लाल रंगाची एक पाटी असते. तीवर कवटी आणि दोन हाडे काढलेली असतात. ही पाटी वीज पुरविणाऱ्यांनी हौसेने लावलेली नसते. 1956 च्या भारतीय विद्युत् नियमांनी ती सक्तीची केली, आणि तिच्यावरील मजकूर हिंदी किंवा इंग्रजीबरोबरच जिल्ह्याच्या स्थानिक भाषेतही असावा, असे सांगितले. बेळगावकडे स्थानिक भाषा कोणती हा प्रश्न निघाला की पुष्कळांचा आवाज चढतो; कवटीला मात्र भाषांतर लागत नाही. अशी पाटी जागेवर आहे की नाही आणि तिच्यामागील यंत्रे धड आहेत की नाहीत, हे पाहणारा सरकारी अधिकारी म्हणजे विद्युत् निरीक्षक. वीज वापरणाऱ्या बहुतेक माणसांची व त्याची जन्मात गाठ पडत नाही. जेव्हा पडते, तेव्हा बहुधा काही तरी विपरीत घडून गेलेले असते.

हिंदुस्थानात विजेचा दिवा आधी आला व कायदा मागाहून आला. पण फार मागाहून नव्हे. 1879 मध्ये कलकत्त्यात विजेच्या प्रकाशाचे प्रात्यक्षिक झाले आणि 1882 मध्ये मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटात विजेचे दिवे लागले. पाचच वर्षांनी, 1887 साली, विजेच्या वापरापासून माणसांना व मालमत्तेला पोहोचणाऱ्या धोक्यांपासून संरक्षण देण्याकरिता पहिला कायदा झाला. दार्जिलिंगचे जलविद्युत् केंद्र 1897 चे, कलकत्त्यातील वीजपुरवठा 1899 चा, शिवसमुद्रमहून कोलारच्या सोन्याच्या खाणींना वीज गेली ती 1902 मध्ये, आणि मुंबईत विजेची ट्राम धावली ती 1907 मध्ये. म्हणजे घरोघर वीज पोहोचण्याच्या कितीतरी आधी राज्यकर्त्यांना तिची भीती कळलेली होती. विलायतेतही कारखान्यांसाठी पहिला विद्युत् निरीक्षक, जी. स्कॉट रॅम, 1902 मध्येच नेमला गेला.

1903 चा कायदा अपुरा ठरला आणि 1910 मध्ये नवा भारतीय विद्युत् कायदा आला. त्याच्या 36 व्या कलमाने सरकारला निरीक्षक नेमण्याचा अधिकार दिला. या कलमातील शहाणपण असे की, निरीक्षक वीज विकणाऱ्याचा नोकर नव्हे आणि वीज घेणाऱ्याचाही नव्हे. पुढे राज्यांची विद्युत् मंडळे निघाली, म्हणजे वीज विकणारेही सरकारी झाले. तेव्हा हा वेगळेपणा टिकविणे सोपे राहिले नसेल. पण कायद्यात तो राहिला.

असा माणूस कोण असावा, हे 1956 च्या नियमांनी ठरवून दिले. त्याच्याजवळ विद्युत् अभियांत्रिकीची पदवी किंवा तिच्या तोडीची पात्रता हवी. एवढ्याने भागत नसे. निदान आठ वर्षे त्याने या विद्येचा व्यवसाय नियमितपणे केलेला असावा, आणि त्यांतील दोन वर्षे तरी कारखान्यात, वीजनिर्मितीच्या वा वितरणाच्या कामावर, अथवा या कायद्याच्याच अंमलबजावणीत जबाबदारीच्या जागी गेलेली असावीत. पुस्तकातून वीज शिकलेला माणूस हुशार असू शकेल. पण जळलेल्या तारेचा वास ओळखण्यास दुसरी शाळा लागते.

त्याचे रोजचे काम आकड्यांचे आहे. रस्ता ओलांडणारी कमी दाबाची तार जमिनीपासून 5.8 मीटरहून खाली असू नये, उच्च दाबाची 6.1 मीटरहून खाली असू नये. घरातील वायरिंगला मेगरने 500 व्होल्टचा दाब एक मिनिट देऊन पाहावयाचे, तेव्हा तार व जमीन यांमधील रोध निदान दहा लाख ओहम भरला पाहिजे. अर्थिंग खरोखर जमिनीपर्यंत गेले आहे की भिंतीत कोठे तरी थांबले आहे, हे तपासावयाचे. उच्च दाबाची नवी जोडणी त्याच्या लेखी मान्यतेवाचून सुरू होत नसे, आणि एकदा सुरू झालेल्या जोडणीची फेरतपासणी पाच वर्षांच्या आत व्हावी लागे. वायरमन आणि पर्यवेक्षक यांना परवाना देणाऱ्या व्यवस्थेशी, तसेच मुंबई इलाख्यात 1939 च्या कायद्यानंतर उद्वाहनांच्या, म्हणजे लिफ्टच्या, तपासणीशीही या खात्याचा संबंध आला.

एक काम मात्र याहून निराळे होते. 1910 च्या कायद्याच्या 26 व्या कलमाने निरीक्षकाला मीटरचा न्यायाधीश केले. मीटर बरोबर चालतो की नाही, असा वाद ग्राहक व पुरवठादार यांच्यात उपजला, तर दोघांपैकी कोणीही सात दिवसांची नोटीस देऊन तो निरीक्षकापुढे न्यावा. मीटर चुकीचा ठरल्यास किती वीज वापरली गेली याचा अंदाज निरीक्षकाने करावा, आणि तोही सहा महिन्यांपलीकडील काळाचा नव्हे. ही सहा महिन्यांची मर्यादा गरीब गिरणीवाल्याचे केवढे संरक्षण होते, हे जुने बिल अवचित हाती पडलेल्यासच कळेल. 1987 मध्ये मध्य प्रदेश विद्युत् मंडळाच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, मीटरबाबतचा वाद निरीक्षकाने तोडण्यापूर्वी मंडळाने आपल्याच मताने ग्राहकावर पुरवणी बिल लादू नये. मीटरशी लबाडी केली असेल, तर ती गोष्ट अर्थातच वेगळी.

निरीक्षकाच्या विद्येची कसोटी अपघातानंतर लागते. 13 जून 1997 रोजी दिल्लीतील उपहार चित्रपटगृहात दुपारचा खेळ चालू होता. इमारतीच्या तळमजल्यावर वीजपुरवठा करणाऱ्या मंडळाचे मोठे रोहित्र होते. त्याच दिवशी सकाळी त्याच्या तारेची दुरुस्ती झाली होती. परंतु जोड आवळण्याचे योग्य यंत्र न वापरता ती हातोड्याने उरकली गेली. जोड सैल राहिला, ठिणग्या पडल्या, आणि बिघाड होताच पुरवठा तोडणारी संरक्षक यंत्रणाही तेथे नव्हती. रोहित्रातील तेल पेटले. धूर जिन्याने वर बाल्कनीत गेला, आणि 59 माणसे गुदमरून मेली. आग कोठून व कशी लागली, याची विद्युत् निरीक्षकाने तपासणी केली व सैल जोडाचे आणि नसलेल्या संरक्षणाचे कारण त्याच्या अहवालात नोंदले गेले. बाहेर जाण्याच्या वाटा खुर्च्यांनी अडलेल्या होत्या. तो दोष मात्र विजेचा नव्हता.

2003 मध्ये 1910 चा कायदा संपला. नव्या कायद्याने निरीक्षकाचे पद 162 व्या कलमात ठेवले आणि 2006 मध्ये त्याच्या पात्रतेचे व अधिकारांचे स्वतंत्र नियम झाले. मीटरचे न्यायदान मात्र त्याच्या हातून गेले; ग्राहकाला आता तक्रार निवारण मंच व त्यावर लोकपाल यांच्याकडे जावे लागते. 1956 च्या नियमांची जागा 2010 च्या विनियमांनी आणि त्यांची जागा 2023 च्या विनियमांनी घेतली. ठराविक दाबाखालील जोडण्यांची तपासणी मालकाने स्वतः वा सनदी विद्युत् सुरक्षा अभियंत्याकडून करून प्रमाणित करावी, अशीही सोय झाली. निरीक्षक थोडे आणि जोडण्या अगणित, हे त्यामागील कारण उघड आहे. तथापि स्वतःच्या घराची परीक्षा घेऊन स्वतःलाच गुण देणारा विद्यार्थी कडक परीक्षक असतो, असे कोण म्हणेल?

अपघाताची चौकशी मात्र त्याच्याकडेच येते. 161 व्या कलमानुसार माणूस किंवा जनावर दगावले वा जखमी झाले, तर सूचना द्यावी लागते, आणि चौकशी करणाऱ्या निरीक्षकास साक्षीदार बोलाविण्याचे व कागदपत्रे मागविण्याचे दिवाणी न्यायालयाचे अधिकार असतात. पावसाळ्यात शेतात तुटलेल्या तारेवर म्हैस मरून पडते, तेव्हा पोलिसांचा पंचनामा होतो, पशुवैद्य येतो, आणि मग निरीक्षक येऊन तार जीर्ण होती का, खांब वाकला होता का, पुरवठा वेळेवर का तुटला नाही, हे पाहतो. भरपाई मागणाऱ्या शेतकऱ्याला तो अहवाल हाती येईपर्यंत थांबावे लागते.