स्तनाच्या कर्करोगाची ग्राही-तपासणी: नमुना कसा जपला यावर अहवाल अवलंबून

बिदर जिल्ह्यातील बसवकल्याणसारख्या सीमाभागातील गावात स्तनाची गाठ काढली किंवा जाड सुईने तिचा तुकडा घेतला, तर पुढील तपासणीसाठी तो नमुना अनेकदा कलबुर्गी, सोलापूर वा हैदराबादला पाठवावा लागतो. मोठ्या प्रयोगशाळांपासून दूर असलेल्या कोणत्याही तालुक्याची स्थिती याहून वेगळी नसते. गाठ शरीराबाहेर आल्यापासून प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत ती कशी जपली गेली, यावर अहवालाचा खरेपणा मोठ्या प्रमाणात अवलंबून असतो.

स्तनाच्या कर्करोगाच्या अनेक पेशींमध्ये ईस्ट्रोजेन व प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकांना बांधून घेणारी प्रथिने असतात. त्यांना ग्राही म्हणतात. अहवालात ती ‘ईआर’ आणि ‘पीआर’ या नावांनी नोंदवली जातात. किमान १ टक्का कर्कपेशींच्या केंद्रकांत ईआर आढळल्यास गाठ ‘ईआर पॉझिटिव्ह’ ठरते. अशा रुग्णांनी पाच वर्षे टॅमॉक्सिफेन घेतल्यास पहिल्या १५ वर्षांत या रोगाने होणारे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटतात. गोळी जुनी, स्वस्त आणि सहज मिळणारी आहे. मात्र अहवाल चुकून ‘निगेटिव्ह’ आला, तर तीच गोळी रुग्णाला नाकारली जाते.

गाठ कापली जाताच तिचा रक्तपुरवठा थांबतो आणि पेशींतील प्रथिनांचे विघटन सुरू होते. फॉर्मालिन हे विघटन रोखते. म्हणूनच अमेरिकेतील कर्करोगतज्ज्ञ व पॅथॉलॉजिस्ट यांच्या संस्थांनी २०१० मध्ये संयुक्त नियमावली प्रसिद्ध केली. त्यानुसार नमुना एका तासाच्या आत १० टक्के बफरयुक्त फॉर्मालिनमध्ये जावा आणि त्यात किमान ६ व कमाल ७२ तास राहावा. फॉर्मालिन ऊतींमध्ये तासाला साधारण एक मिलिमीटर या संथ गतीने शिरते. मोठी गाठ अखंड बुडवली, तर बाहेरचा थर टिकतो, पण आतला भाग सडू लागतो. त्यामुळे तिचे सुमारे ५ मिलिमीटर जाडीचे काप करावे लागतात आणि द्रावण नमुन्याच्या किमान दहापट असावे लागते. सलाइनमध्ये ठेवलेला किंवा अरुंद तोंडाच्या बाटलीत कोंबलेला नमुना प्रवासातच निकामी होऊ शकतो.

साठवणुकीचेही तसेच आहे. फॉर्मालिनमधून काढलेल्या ऊती मेणाच्या ठोकळ्यात बसवतात. प्रयोगशाळेच्या भाषेत तो ‘ब्लॉक’ होय. कोरड्या, थंड जागी हा ब्लॉक वर्षानुवर्षे टिकतो. मात्र त्यातून कापून काचपट्टीवर घेतलेल्या पातळ चकत्यांतील ग्राही हवेच्या संपर्काने हळूहळू क्षीण होतात. सहा आठवड्यांहून जुन्या चकत्या या तपासणीसाठी वापरू नयेत, असे नियमावली सांगते.

मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने २००० मध्ये प्रसिद्ध केलेल्या ७९८ गाठींच्या अभ्यासात ईआर पॉझिटिव्हचे प्रमाण सुमारे ३३ टक्के होते. पाश्चात्त्य देशांत ते यापेक्षा बरेच अधिक असते. भारतीय रुग्णांचे तुलनेने कमी वय हे त्याचे एक कारण मानले जाते. परंतु ऊतींची सदोष जपणूक आणि तपासणीतील तांत्रिक उणिवा यांचाही त्यात वाटा असू शकतो, याकडे येथील पॅथॉलॉजिस्टांनी लक्ष वेधले. याच रुग्णालयाच्या २००९ मधील आढाव्यात ग्राही असलेल्या गाठींचे प्रमाण निम्म्याहून अधिक दिसून आले.

अशा चुकीचे परिणाम कॅनडाच्या न्यूफाउंडलँड प्रांताने अनुभवले आहेत. तेथे १९९७ ते २००५ या काळातील निगेटिव्ह नमुने पुन्हा तपासले असता जवळपास ४०० रुग्णांचे मूळ अहवाल चुकीचे ठरले. न्यायमूर्ती मार्गारेट कॅमेरॉन यांच्या चौकशी आयोगाने २००९ मध्ये आपला अहवाल दिला.

शस्त्रक्रियेपूर्वीच नातेवाईकांनी डॉक्टरांना काही प्रश्न विचारावेत. बफरयुक्त फॉर्मालिन तयार आहे का? गाठ काढल्याची आणि ती फॉर्मालिनमध्ये ठेवल्याची वेळ चिठ्ठीवर नोंदवली जाईल का? नमुना दूर पाठवायचा असल्यास चकत्यांऐवजी ब्लॉक पाठवता येईल का? अहवाल ‘निगेटिव्ह’ आला, तर त्याच चकतीतील निरोगी दुग्धनलिकांच्या पेशी रंगल्या होत्या का, हे पॅथॉलॉजिस्टना विचारावे. त्या रंगल्या नसतील, तर तो निष्कर्ष ग्राह्य धरता येत नाही. अशा वेळी दुसऱ्या ब्लॉकवर किंवा नव्या नमुन्यावर तपासणी पुन्हा करून घेणे आवश्यक असते. त्यासाठी ब्लॉक कोठे ठेवला आहे, याची नोंद रुग्णाच्या कागदपत्रांत जपून ठेवावी.