पोत्यावरचा आकडा : पशुखाद्यातील जीवनसत्त्वे टिकवण्याचा इतिहास

१/ नाशिकच्या द्वारका चौकात मुंबई-आग्रा महामार्गाला पुण्याचा रस्ता मिळतो. आग्र्याच्या दिशेला मालेगावकडचा मक्याचा पट्टा, मुंबईच्या दिशेला ठाण्याचे औषधी कारखाने आणि पुण्याच्या दिशेला महाराष्ट्रातील कुक्कुटव्यवसायाचे प्रमुख केंद्र. कोंबडीखाद्याच्या एका पोत्याचा इतिहास या तिन्ही दिशांना पसरलेला आहे. (धागा)

२/ खाद्यात मिसळलेल्या जीवनसत्त्वांचे प्रमाण आकड्यांत सांगितले जाते. हा आकडा बहुधा मिश्रणाच्या दिवसाचा असतो. दळण, वाफ, वाहतूक आणि गोदाम यांतून पक्ष्याच्या पोटात जे पोहोचते, ते त्याहून कमी असते. जीवनसत्त्वांच्या शोधाच्या कथा सर्वत्र सांगितल्या जातात. ती टिकवण्याच्या खटपटीचा इतिहास मात्र दुर्लक्षित राहिला आहे.

३/ या इतिहासाचा आरंभच कोंबडीखाद्याने होतो. १८८९ मध्ये बटाव्हिया येथे, म्हणजे आजच्या जकार्तात, डच वैद्य क्रिस्तियान आइकमन यांच्या प्रयोगशाळेतील कोंबड्यांचे पाय लुळे पडू लागले. त्यांना लष्करी रुग्णालयातील उरलेला सडीक तांदळाचा भात घातला जात होता. नव्या आचाऱ्याने लष्कराचा भात ‘मुलकी’ कोंबड्यांना देण्यास नकार दिला. त्यांना असडीक तांदूळ मिळू लागला आणि त्या बऱ्या झाल्या.

४/ तांदळाच्या पिठूळ भागात काही विष असावे आणि कोंडा त्यावर उतारा असावा, असा आइकमन यांचा तर्क होता. त्यांचे उत्तराधिकारी गेरिट ग्राइन्स यांनी १९०१ मध्ये खरा अर्थ लावला : गिरणीत तांदूळ सडताना एक आवश्यक द्रव्यच निघून जात होते. कॅसिमिर फुंक यांनी १९१२ मध्ये अशा द्रव्यांना ‘व्हिटामाइन’ हे नाव दिले. आइकमन यांना १९२९ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. अन्नावरील प्रक्रियाच अन्नाला निकस करू शकते, हा पहिला धडा कोंबड्यांनी शिकवला.

५/ दुसरा धडा हवेचा. १९२० मध्ये केंब्रिजचे फ्रेडरिक हॉपकिन्स यांनी लोण्यातील स्निग्धांश १२० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून पाहिला. हवा बंद असता त्यातील ‘अ’ जीवनसत्त्व बरेचसे टिकले. हवा खेळती ठेवताच ते नष्ट झाले. म्हणजे निव्वळ उष्णतेपेक्षा उष्णता आणि प्राणवायू यांची जोडी घातक होती.

६/ याच नाजूकपणाचा उपयोग १९२२ मध्ये एल्मर मॅकॉलम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. कॉड माशाच्या यकृताच्या तेलात गरम हवा सोडून त्यांनी त्यातील ‘अ’ जीवनसत्त्व नष्ट केले. तरीही ते तेल मुडदूस बरा करत राहिले. त्या तेलात आणखी एक, अधिक टिकाऊ जीवनसत्त्व आहे हे सिद्ध झाले. त्यालाच पुढे ‘ड’ म्हटले गेले.

७/ मक्याचा रंगही याच सुमारास अर्थपूर्ण ठरला. विस्कॉन्सिनचे हॅरी स्टीनबॉक यांनी १९१९ मध्ये दाखवले, की पिवळ्या मक्यात ‘अ’ जीवनसत्त्वाचा गुण असतो, पांढऱ्यात नसतो. हा गुण पिवळ्या रंगद्रव्यांतील कॅरोटीनचा. मात्र साठवणीत तेही घटत जाते. १९३० च्या दशकात टेक्सासच्या कृषी प्रयोगकेंद्रात जी. एस. फ्रॅप्स आणि सहकाऱ्यांनी ही घट मोजली.

८/ ही घट तेव्हाच का जाचू लागली? अंगणात फिरणारी कोंबडी हिरवा पाला, किडे आणि ऊन यांतून खाद्यातील उणीव स्वतः भरून काढते. ‘ड’ जीवनसत्त्वाचा उलगडा झाल्यावर कोंबड्यांना बारमाही बंद शेडमध्ये ठेवणे शक्य झाले. तिथे पोत्यात जे नाही, ते तिला अन्यत्र कुठेही मिळत नाही. पोत्यातील घट ही मग पक्ष्याच्या शरीरातील घट ठरते.

९/ प्रथम उपाय होता खाद्यात माशाचे तेल मिसळण्याचा. परंतु भरड्याच्या कणाकणावर पातळ पसरलेल्या तेलाला हवा अधिक लागते आणि ते लवकर खवट होते. खवटपणा ‘अ’ बरोबर ‘ई’ जीवनसत्त्वाचाही नाश करतो. ‘ई’ च्या अभावी पिलांचा मेंदू बिघडतो, मान वाकडी होते, तोल जातो. आल्विन पापेनहायमर आणि मारियान गोएट्श यांनी या विकाराचे वर्णन १९३१ मध्ये केले.

१०/ दुसऱ्या महायुद्धात कॉडच्या तेलाची आयात खुंटली आणि मुंबई, मद्रास, त्रावणकोर येथे मुशीच्या, म्हणजे शार्कच्या, यकृताचे तेल काढले जाऊ लागले. १९४७ मध्ये स्वित्झर्लंडमधील रोश कंपनीत ओटो इसलर यांनी ‘अ’ जीवनसत्त्व कृत्रिमरीत्या, औद्योगिक पातळीवर बनवता येईल अशा पद्धतीने तयार केले.

११/ स्वातंत्र्योत्तर काळात ते ठाण्यातही बनू लागले. ग्लॅक्सो आणि रोश यांच्या कारखान्यांत त्याचा कच्चा माल होता गवती चहाच्या कुळातील गवताचे सुगंधी तेल. त्यातील सिट्रालपासून आयोनोन आणि आयोनोनपासून जीवनसत्त्व, अशी ती साखळी होती.

१२/ जीवनसत्त्व हाती आले, तरी ते टिकवायचे कसे? १९५० च्या दशकात त्याचे सूक्ष्म थेंब जिलेटिनच्या आवरणात बंद करण्याचे तंत्र रुळले. रबराला भेगा पडू नयेत म्हणून वापरले जाणारे इथॉक्सिक्विन हे रसायन खाद्य खवट होऊ नये म्हणून मिसळले जाऊ लागले. युरोपीय संघाने २०१७ मध्ये सुरक्षिततेच्या शंकेमुळे त्याची पशुखाद्यातील परवानगी स्थगित केली.

१३/ त्याच काळात गोळीखाद्याचा प्रसार झाला. त्याचे लाभ खरे आहेत : सांडलवंड कमी, पक्ष्याला निवडून खाता येत नाही, जंतूही घटतात. पण गोळी घडवण्यासाठी भरड्याला वाफ देऊन ८० अंशांच्या आसपास तापवावे लागते आणि साच्यातून दाबून काढावे लागते. त्यात आवरणे फुटतात. ‘क’, ‘के’ आणि थायमिन यांना विशेष झळ बसते.

१४/ काही शत्रू पोत्यातच असतात. मोरचूद आणि हिराकस ही खनिजे पक्ष्याला लागतात, पण त्यांच्या सान्निध्यात जीवनसत्त्वांचे ऑक्सिडीकरण वेगाने होते. कोलिन क्लोराइड हवेतील ओल शोषून घेते. म्हणून जीवनसत्त्वांचे मिश्रण खनिजांपासून आणि कोलिनपासून वेगळे ठेवण्याची शिस्त खाद्यधंद्यात आली.

१५/ नाशिक जिल्ह्यात करार पद्धतीचे ब्रॉयलरपालन फोफावले, तेव्हा ही साखळी शेतकऱ्याच्या शेडपर्यंत आली. पिले कंपनीची, खाद्य कंपनीचे. शेड, वीज, पाणी आणि श्रम शेतकऱ्याचे. इगतपुरीच्या परिसरात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तिथल्या पावसाळी हवेत भिंतीला टेकलेले पोते ओल धरते.

१६/ करारातील मोबदला बहुधा किती खाद्यात किती वजन भरले, यावर ठरतो. वजन कमी भरले तर दोष व्यवस्थापनावर, हवामानावर किंवा रोगावर जातो. जीवनसत्त्वाची घट डोळ्यांना दिसत नाही आणि ती मोजायला प्रयोगशाळा लागते. गिरणीत, मालमोटारीत किंवा गोदामात झालेला नाश शेवटी ज्याच्या हिशेबात उतरतो, त्याच्याकडे तो सिद्ध करण्याचे साधन नसते.

१७/ खाद्य बनवणारे ही घट गृहीत धरून काही मात्रा वाढीव घालतात. पण ती ठरावीक दिवसांचा आणि ठरावीक हवेचा अंदाज असतो. म्हणून पोत्यावर आकड्याइतकीच महत्त्वाची असते ती बनवल्याची तारीख. पोती फळ्यांवर आणि भिंतीपासून दूर ठेवणे, जुने आधी संपवणे आणि तारीख वहीत टिपून ठेवणे यांना खर्च थोडा येतो. उद्या वजनावरून वाद उभा राहिला, तर शेतकऱ्याच्या बाजूने बोलणारा कागद बहुधा ती वहीच असते.