टेबलाखालच्या तारा

‘हॅकिंग’ हा शब्द आज प्रामुख्याने चोरीच्या अर्थाने रूढ झाला असला, तरी संगणकक्षेत्रातील त्याच्या वापराचा माग अमेरिकेतील एमआयटी या संस्थेतील टेक मॉडेल रेलरोड क्लबापर्यंत, म्हणजे छोट्या प्रतिकृती-आगगाड्या चालविणाऱ्या विद्यार्थी-मंडळापर्यंत, जाऊन पोहोचतो. १९५०च्या दशकात या मंडळातील काही सभासदांना गाड्यांच्या रंगरूपापेक्षा रूळ मांडलेल्या फळीखालील तारा, रिले आणि बटणे यांच्या गुंतावळ्यात अधिक रस होता, आणि तेथील जोडण्यांत केलेल्या कल्पक फेरफाराला ते ‘हॅक’ म्हणत. हॅकिंगविषयक व्हिडिओ गेमच्या इतिहासात या मूळ अर्थाचे भान पुष्कळदा सुटलेले दिसते.

‘वॉरगेम्स’ हा चित्रपट १९८३ साली गाजल्यानंतर हॅकर म्हणजे परवलीचा शब्द शोधून परक्या संगणकात शिरणारा माणूस, ही प्रतिमा दृढ झाली आणि १९८५मधील ‘हॅकर’पासून २००१मधील ‘अपलिंक’पर्यंतचे खेळ तिच्यावरच उभे राहिले. ‘अपलिंक’मध्ये कुलूप फोडणारी आज्ञावली खेळाडू विकत घेतो, स्वतः रचत नाही. २००७मधील ‘बायोशॉक’मध्ये तर हॅकिंग म्हणजे पाण्याचे नळ जुळविण्याचे कोडे ठरले. या खेळांतील थरार खरा आहे, परंतु यंत्र आतून कसे चालते हे त्यांतून फारसे कळत नाही.

ते कळण्याची सोय मुलांच्या शैक्षणिक खेळांत आधीच झाली होती. ‘अॅडव्हेंचर’ या खेळात स्वतःचे नाव लपवून ठेवल्यामुळे प्रसिद्ध झालेले वॉरेन रॉबिनेट अटारी कंपनी सोडून ‘द लर्निंग कंपनी’च्या स्थापनेत सहभागी झाले, आणि तेथून १९८२ साली ‘रॉकीज बूट्स’ हा खेळ निघाला. लॉजिक गेट, म्हणजे येणाऱ्या संकेतांवरून ‘आणि’, ‘किंवा’, ‘नाही’ असा निर्णय देणारा मंडलाचा घटक, हे त्यातील खेळणे होते, आणि तारांतून वीज वाहताना त्यांचा रंग पालटत असल्याने तर्क अक्षरशः डोळ्यांना दिसत असे. आज्ञा अक्षरांत न लिहिता आकृत्या जोडून मांडण्याच्या या पद्धतीस दृश्य प्रोग्रॅमिंग म्हणतात; विल्यम सदरलँड यांनी १९६६ साली एमआयटीतील प्रबंधात तिचा आरंभीचा नमुना मांडला होता.

याच पायावर १९८४ साली आलेला ‘रोबोट ओडिसी’ हा या परंपरेतील सर्वांत धाडसी खेळ मानावा लागतो. भूमिगत नगरीतून बाहेर पडण्यासाठी खेळाडू यंत्रमानवाच्या पोटात शिरतो, भिंतीचा स्पर्श ओळखणाऱ्या संवेदकापासून त्याला ढकलणाऱ्या इंजिनापर्यंत तार ओढतो, आणि मग बाहेर येऊन ते यंत्र आपल्या आपण भिंतीच्या कडेने चालते की नाही हे पाहतो. रचलेले मंडल एका चिपमध्ये बंदिस्त करून ती पुढे इतर मंडलांत वापरता येई. गुंतागुंत झाकून तिच्यावर नवी रचना उभारण्याची अभियंत्यांची मूलभूत रीत मुलांच्या हाती इतक्या सचोटीने क्वचितच दिली गेली असेल. हा खेळ अतिशय कठीण होता, पण ती काठिण्यपातळी विषयातूनच आलेली होती.

दोन्ही प्रवाह एकत्र यायला बराच काळ जावा लागला. स्कॉटलंडमधील स्पेस बजी या गटाच्या २०१६मधील ‘ग्लिचस्पेस’मध्ये खेळाडू समोरच्या ठोकळ्याची आज्ञावली उघडून त्यातील घटक तारांनी जोडतो आणि त्याचा आकार वा जागा बदलून वाट काढतो. त्याआधी, २०१३ साली, इंग्रज रचनाकार टॉम फ्रान्सिस यांच्या ‘गनपॉइंट’ने अधिक साधा मार्ग घेतला होता. त्यातील हेर एका कळीसरशी इमारतीतील सगळ्या जोडण्या उघड्या पाहतो आणि दिव्याच्या बटणाची तार ओढून कुलूपबंद दाराला जोडतो. मग अंधारात गोंधळलेला पहारेकरी दिवा लावण्यासाठी ते बटण दाबतो आणि त्याच्याच हातून दार उघडते.