शाळेचे दार आणि प्रयोगशाळेचे दार

पुण्यातील स्त्रीशिक्षणाचा इतिहास सांगणारा प्रत्येक वक्ता १ जानेवारी १८४८ पासून सुरुवात करतो. वर्गात मीही तेच करते. भिडे वाडा, जोतीराव, सावित्रीबाई, अंगावर पडलेले शेण. मुली मान खाली घालून वहीत तारीख उतरवून घेतात. परंतु अलीकडे मला वाटू लागले आहे की, आपण या इतिहासाचे पहिलेच पान पुन्हा पुन्हा वाचतो आहोत. मुलगी शाळेत गेली, हे पहिले पान. शाळेत गेलेल्या मुलीला कोणता विषय शिकवायचा, हे कोणी ठरवले आणि कशासाठी ठरवले, हे दुसरे पान. ते आपण उलटतच नाही.

आधी माझे सांगते. माझे वडील आरोग्य कोठीवर झाडूवाले होते. आई चार घरची धुणीभांडी करी. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. दहावीला माझे सर्वांत जास्त गुण विज्ञानात होते. अकरावीचा फॉर्म घ्यायला गेले तेव्हा खिडकीपलीकडचे गृहस्थ म्हणाले, "सायन्सला प्रॅक्टिकल असतात, क्लास लावावे लागतात, सगळं इंग्रजीत असतं. तुला झेपायचं नाही, बाळ. आर्ट्सचा फॉर्म घे." त्यांच्या आवाजात दुष्टावा नव्हता, मायाच होती. घरी आले तर वडील म्हणाले, "दोघांचं एकदम भागायचं नाही. आधी दादाचं होऊ दे." दादा डिप्लोमाला गेला. मी इतिहास घेतला. इतिहासाने मला पोट दिले, भान दिले. त्याच्याविषयी माझी तक्रार नाही. परंतु पुढे जुन्या पुण्याचा अभ्यास करताना ही दोन्ही वाक्ये मला पुन्हा भेटली. खिडकीपलीकडच्या माणसाने आणि माझ्या बापाने ती स्वतः तयार केलेली नव्हती. या शहराने ती फार आधी घडवून ठेवली होती.

प्रारंभ मात्र वेगळा होता. फुले दांपत्याच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवे या मांग समाजातील मुलीचा निबंध १८५५ मध्ये 'ज्ञानोदय'मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील धर्मचिकित्सेविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे, आणि ते योग्यच आहे. माझे लक्ष एका दुसऱ्या जागी अडते. घरावर छप्पर नसलेल्या, थंडीपावसात बाळंत होणाऱ्या आपल्या स्त्रियांविषयी ती बोलते. बाळंतरोग झाला तर वैद्याला द्यायला पैसे कोठून आणायचे, असे ती विचारते. जे डोळ्यांना दिसते ते मांडायचे, त्याचे कारण शोधायचे आणि पोथीत लिहिले आहे म्हणून काही मानायचे नाही, ही त्या मुलीची रीत. विज्ञानाची रीत याहून निराळी काय असते? शाळेत तीन वर्षे काढलेली एक मुलगी थेट आरोग्यशास्त्राच्या दारापर्यंत येऊन उभी राहिली होती.

दार उघडले, पण तिच्यासाठी नाही. आनंदीबाई जोशी १८८६ मध्ये अमेरिकेत डॉक्टर झाल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी याच पुण्यात, वयाची बावीस वर्षे पुरी होण्याआधीच, वारल्या. त्यांचे धैर्य असामान्य होते. त्यांच्या प्रबंधाचा विषय आर्य हिंदूंतील प्रसूतिशास्त्र हा होता. आणि त्याच काळात महाराष्ट्राच्या गावोगावी सवर्णांच्या घरात नाळ कापायला बोलावली जाणारी सुईण अनेकदा मांगाची बाई असे. मूल पोटात आडवे आहे की सरळ, हे तिच्या बोटांना कळत होते. पण बोटांतल्या ज्ञानाला विटाळ म्हणायचे आणि पुस्तकातल्या ज्ञानाला शास्त्र म्हणायचे, ही आपल्या समाजाची विभागणी. कातडे कमावणे, दोर वळणे, चुन्याची भट्टी लावणे, धरणासाठी दगड फोडणे ही सारी कामे आमची. रसायनशास्त्र आणि स्थापत्यशास्त्र मात्र त्यांचे. श्रम आणि शास्त्र यांची अशी फारकत करणे म्हणजेच वर्णव्यवस्था. जोतीरावांना हे दिसत होते; ते स्वतः बांधकामाचे ठेकेदार होते. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी प्राथमिक शाळेत हिशेब, भूगोल, आरोग्य आणि शेतीचे प्राथमिक ज्ञान मागितले, ते उगीच नव्हे.

आता त्या पहिल्या वाक्याकडे येऊ: 'तुला झेपायचं नाही.'

रानडे, भांडारकर, मोडक प्रभृतींनी १८८४ मध्ये मुलींचे हायस्कूल काढले. तेच आजचे हुजूरपागा. ते निघताच वाद पेटला तो अभ्यासक्रमावर. मुलींना मुलांसारखे इंग्रजी आणि इतर विषय कशाला, त्यांना संसाराला उपयोगी पडेल तेवढे शिकवा, शाळेचे तास कमी करा, अशी टीका टिळकांच्या पत्रांतून झाली. शाळा नको असे आता फारसे कोणी म्हणत नव्हते. म्हणणे एवढेच होते की, बाईचा विषय वेगळा. पुढे १९१६ मध्ये धोंडो केशव कर्वे यांनी महिला विद्यापीठ स्थापन केले. जपानमधील महिला विद्यापीठाचा आदर्श त्यांच्यापुढे होता. मातृभाषेतून शिक्षण हा त्यांचा आग्रह खरोखरच मोठा होता. परंतु त्याच विद्यापीठात गृहजीवनशास्त्र आवश्यक आणि गणित ऐच्छिक होते. विधवांसाठी आयुष्य वेचणाऱ्या त्या सज्जन माणसाच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. मला एवढेच म्हणायचे आहे की, सज्जनपणाने केलेली विभागणीही विभागणीच असते. खिडकीपलीकडच्या त्या गृहस्थांची माया याच परंपरेतली होती.

दुसरे वाक्य: 'आधी दादाचं होऊ दे.'

पुणे नगरपालिकेत १९२० च्या सुमारास सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रश्न आला. पैसा अपुरा आहे, म्हणून तूर्त फक्त मुलग्यांना सक्ती करावी, मुलींचे मागाहून पाहू, असा एका पक्षाचा आग्रह होता. महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांनी मुलींच्या बाजूने चळवळ केली. सभा झाल्या, मिरवणूक निघाली. तो वाद वाचताना मला माझ्या घरातील ती संध्याकाळ आठवली. माझ्या वडिलांना १९२० चा वाद ठाऊक असण्याचे कारण नव्हते. पण पैसा कमी पडला की मुलीचा क्रमांक मागे जातो, हा हिशेब नगरपालिकेत आणि झोपडीत सारखाच मांडला गेला. आणि विज्ञान हे महागडे शिक्षण असल्यामुळे तिथे हा हिशेब अधिक निर्दयपणे लागू होतो.

या महागपणाची जाणीव बाबासाहेबांना पुरेपूर होती. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना ऑक्टोबर १९४२ मध्ये त्यांनी सरकारला जे निवेदन दिले, त्यात त्यांनी स्पष्टच म्हटले की, कला आणि कायद्याच्या शिक्षणाचा अस्पृश्यांना फारसा उपयोग नाही; त्यांना हवे आहे ते विज्ञान आणि तंत्रज्ञानाचे उच्च शिक्षण, आणि ते त्यांच्या ऐपतीबाहेरचे आहे. त्यासाठी त्यांनी देशातल्या शिक्षणाकरिता वर्षाला दोन लाख आणि परदेशातल्या शिक्षणाकरिता एक लाख रुपये मागितले. आपण बाबासाहेबांचे 'शिका' घेतले. 'काय शिका' हे त्यांनी सांगितले होते, ते विसरलो. आमच्या पिढ्या बी.ए. झाल्या, डी.एड. झाल्या. त्यात कमीपणा नाही. परंतु तो आमचा निर्णय होता की आमच्यापुढे तेवढीच एक वाट मोकळी ठेवली होती, हे आपण विचारले पाहिजे.

पुण्याचे अभियांत्रिकी महाविद्यालय १८५४ पासूनचे. तेथून यांत्रिक अभियांत्रिकीची पदवी घेणारी पहिली स्त्री, लीला पूनावाला, बाहेर पडली १९६७ मध्ये. म्हणजे एकशे तेरा वर्षे गेली. १९७४ मध्ये टेल्कोने अभियंत्यांसाठी दिलेल्या जाहिरातीत स्त्रियांनी अर्ज करू नये असे छापले होते. तेव्हा शिकत असलेल्या सुधा कुलकर्णी, म्हणजे पुढच्या सुधा मूर्ती, यांनी जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड लिहून जाब विचारला आणि त्या पुण्याच्या कारखान्यात रुजू झाल्या. आणि ज्या हिंगण्याच्या माळावर कर्व्यांनी विधवांचा आश्रम नेला होता, तेथेच त्यांच्या संस्थेने १९९१ मध्ये मुलींसाठी अभियांत्रिकी महाविद्यालय काढले. इतिहास बदलतो, तो असा. 'बाईला झेपायचे नाही' हे वाक्य त्या माळावर खोटे ठरले. पण पहिल्या घरांतल्या मुलींसाठी खोटे ठरलेले वाक्य वस्तीतल्या मुलीसाठी आपोआप खोटे ठरत नाही. ते कोणीतरी खोटे पाडावे लागते.

येथे कार्यकर्त्यांशी आणि शिक्षकबंधुभगिनींशी मला थोडे व्यवहाराचे बोलायचे आहे. आज महाराष्ट्रात अभियांत्रिकी प्रवेशात मुलींसाठी तीस टक्के जागा आहेत. अनुसूचित जातीच्या मुलीला उत्पन्नाच्या अटीत शिष्यवृत्ती आणि त्यापुढे फीमाफी आहे. वसतिगृहात जागा मिळाली नाही तर स्वाधार योजना आहे. आय.आय.टी.मध्ये २०१८ पासून मुलींसाठी वाढीव जागा आहेत. तरीही मुली गळतात, त्या बहुधा दोन ठिकाणी. पहिले ठिकाण दहावीनंतरची खिडकी. दुसरे, जातपडताळणीचे प्रमाणपत्र. अकरावीतच अर्ज केला नाही, तर प्रवेशाच्या वेळी हाती आलेली जागा जाते. वस्तीत आपण अभ्यासिका चालवतो, तेथे भाषणांची पुस्तके असतात, स्पर्धा परीक्षेची मार्गदर्शके असतात. एक भिंग, एक तराजू, चार परीक्षानळ्या का नसाव्यात? २८ फेब्रुवारीला, विज्ञानदिनी, आयुकाचे दार सर्वांसाठी उघडे असते. खोडदची महादुर्बीणही पाहता येते. जयंतीच्या मिरवणुकीसाठी आपण टेम्पो करतो. आठवीनववीच्या मुलींना घेऊन खोडदला जाणारा एक टेम्पोही जयंतीइतकाच बाबासाहेबांचा आहे.

गेल्या वर्षी आमच्या वस्तीतील अभ्यासिकेत मी मुक्ता साळवेंवर बोलले. बोलणे संपल्यावर नववीतली एक मुलगी थांबली. तिने मुक्ताविषयी काही विचारले नाही. ती म्हणाली, "मॅडम, सायन्सला प्रॅक्टिकलचे पैसे किती पडतात?"

वैद्याला द्यायचे पैसे कोठून आणायचे, हे मुक्ताने १८५५ मध्ये विचारले होते. मी त्या मुलीला आकडा सांगितला, शिष्यवृत्तीचा अर्ज कधी निघतो तेही सांगितले, आणि पुढच्या रविवारी तिच्या वडिलांना भेटायला गेले. तिला एक मोठा भाऊ आहे.