अश्वशक्ती आणि पेट्रोल : कुर्ल्याच्या ‘पद्मिनी’चा हिशेब

१/ सातिवलीजवळच्या मुंबई–अहमदाबाद महामार्गावर आज शंभराहून अधिक अश्वशक्तीच्या मोटारी सर्रास धावतात. ताकद हवी की मायलेज, हा प्रश्न मात्र जुनाच. १९६४ साली त्याची दोन उत्तरे रस्त्यावर आली.

२/ अमेरिकेत पॉन्टिअ‍ॅक जीटीओ : ६.४ लिटरचे व्ही-८ इंजिन, ३२५ अश्वशक्ती. ‘मसल कार’चे युग येथून सुरू झाले असे मानतात. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सच्या कुर्ला कारखान्यात फियाट ११०० डिलाइट : १०८९ सीसी, सुमारे ४० अश्वशक्ती.

३/ सपाट रस्त्यावर बेताचा वेग राखण्यास अल्प शक्ती पुरते. तेव्हा मोठे इंजिन जवळजवळ मिटलेल्या थ्रॉटलवर चालते आणि हवा ओढण्यात, घर्षणात इंधन दवडते. लहान इंजिन तेच काम काटकसरीने करते. मात्र घाटात दमते.

४/ ऑक्टोबर १९७३च्या तेलबंदीनंतर कच्च्या तेलाचे भाव काही महिन्यांत चौपट झाले. आधीच विमा व प्रदूषणाच्या नियमांनी जेरीस आलेल्या मसल कार ओसरल्या. कुर्ल्याची गाडी ‘पद्मिनी’ या नव्या नावाने काळी-पिवळी टॅक्सी म्हणून टिकली.

५/ भाड्यातून इंधन वजा जाता उरेल तीच टॅक्सीचालकाची कमाई. म्हणूनच पुढे सीएनजी आल्यावर थोडी ताकद गमावणेही त्याला परवडले.

६/ मुंबईतील शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ साली नोंदली गेली. २० वर्षांच्या वयोमर्यादेने ऑक्टोबर २०२३मध्ये तिला निरोप दिला. मोटारींचा इतिहास वाचताना अश्वशक्तीसोबत हेही विचारावे : पेट्रोलचे पैसे कोणाच्या खिशातून जात होते?